प्रकल्प नोंदी: मार लागल्यापासून बुडेपर्यंत

४ जानेवारी

शेवटी सुरू केलं एकदाचं. एक शीट, त्यावरून एक टाइमलाइन, आणि जमलंच तर नंतर नकाशा. नकाशाचं कोडिंग मित्र बघणार, मी फक्त डेटा भरायचा. विषय पाणबुड्यांनी आणि विमानांनी बुडवलेल्या युद्धनौका. अशा याद्या नेटवर ढिगाने आहेत पण सगळीकडे तेच, जहाजाचं नाव, तारीख, कोणी बुडवलं, किती गेले, संपलं. मला जो कॉलम पाहिजे तो कुठेच नाही, म्हणजे मार लागला त्या क्षणापासून जहाज पाण्याखाली जाईपर्यंत किती वेळ गेला आणि त्या वेळात आत नेमकं काय निकामी झालं. कारण वाचत गेलं की दिसतं, एका टॉर्पेडोत कुणी काही मिनिटांत संपतं, कुणी चौदा तास तरंगतं, आणि हत्यार साधारण त्याच जातीचं असतं. मग फरक कशाने पडला?

कॉलम सध्या असे: जहाज, तारीख, ठिकाण, मारणारा, हत्यार, कुठे लागलं, किती वेळाने बुडालं, काय निकामी झालं. शेवटचे दोन भरणं हाच खरा प्रकल्प, बाकीचं कॉपी पेस्ट.

हद्द ठरवून टाकली. फक्त पाणबुडी किंवा विमान. नुसत्या सुरुंगाने गेलेली जहाजं बाहेर, १९६७ ची इस्रायलची एलात बाहेर (क्षेपणास्त्र होतं पण बोटीवरून सोडलेलं), २०२२ ची मॉस्क्वा पण बाहेर, ती किनाऱ्यावरून मारली.

७ जानेवारी

पहिली रांग १७ फेब्रुवारी १८६४. अमेरिकन यादवी युद्ध, चार्ल्सटनच्या बाहेर हाउसाटॉनिक नावाचं जहाज, आणि ते बुडवणारी हन्ली. ही हन्ली हाताने क्रँक फिरवून चालायची आणि पुढे लांब दांड्याला बारूद बांधलेली. जहाज बुडालं, हन्ली पण परत आली नाही, आतले सगळे गेले. ही रांग ठेवली पण फिकट रंगात, कारण तिच्यानंतर पन्नास वर्षं काहीच नाही.

खरी सुरुवात ५ सप्टेंबर १९१४. यू-२१ ने ("यू" म्हणजे जर्मन पाणबुड्या) पाथफाइंडर हे ब्रिटिश क्रूझर स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ उडवलं, स्वतः पळणाऱ्या टॉर्पेडोने पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि काही मिनिटांत खेळ संपला. "काय निकामी झालं" मध्ये पहिली एंट्री: कोठार.

आणि मग सतरा दिवसांनी, २२ सप्टेंबर. हे एकच प्रकरण वाचण्यात अख्खी संध्याकाळ गेली. डच किनाऱ्यासमोर तीन जुनी ब्रिटिश क्रूझर गस्त घालतायत, अबूकिर, होग आणि क्रेसी, वर बरेचसे राखीव दलातले लोक आणि नौदल शाळेतली पोरं. विनाशिका सोबत नाहीत, खराब हवामानामुळे परत गेलेल्या. सकाळी साडेसहाच्या आसपास ओटो वेडिगेनच्या यू-९ चा टॉर्पेडो अबूकिरला लागला. अबूकिरच्या कप्तानाला वाटलं सुरुंग असणार, म्हणून त्याने बाकीच्या दोघींना मदतीला जवळ बोलावलं. त्या आल्या, थांबल्या, बोटी सोडल्या, आणि थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतंच. आधी होग मग क्रेसी. दीड तासात तीन क्रूझर आणि १४५९ माणसं. मारणारी एक छोटी रॉकेलच्या इंजिनाची बोट, जिच्यात सगळे मिळून तीसेक लोक असतील नसतील.

यानंतर ब्रिटिश नौदलाने हुकूमच काढला की मोठ्या जहाजाने टॉर्पेडो खाल्लेल्या जोडीदारासाठी थांबायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं पण होग आणि क्रेसीच्या रांगा भरताना "काय निकामी झालं" मध्ये काय लिहू असा प्रश्न पडला तेव्हा तो हुकूम पटला. मी तिथे "वेग शून्य" लिहिलंय. कॉलमच्या नियमात बसत नाही, तरी राहू दे.

११ जानेवारी

टॉर्पेडो फुटतो कसा यावर आज. दोन पद्धती. एक, सरळ जाऊन बाजूला आदळायचं, आदळलं की आतली पिन मागे जाते आणि फुटतो, भोक पडतं, पाणी आत. दुसरी पद्धत जास्त भयानक, टॉर्पेडो जहाजाच्या खालून जातो आणि लोखंडाच्या एवढ्या मोठ्या ढिगामुळे चुंबकीय क्षेत्र बदलतं ते ओळखून बरोबर कण्याखाली फुटतो. तिथे भोक पडणं हा मुद्दाच नसतो. स्फोटाच्या वायूचा मोठा बुडबुडा जहाजाचा मधला भाग वर उचलतो, मग बुडबुडा बसतो आणि मधल्या भागाखाली आधारच राहत नाही, आणि हजारो टनांचं वजन घेऊन कणा मोडतो. मोठ्या जहाजांच्या बाजूला जाड चिलखत असतं, टॉर्पेडो अडवायला वेगळे कप्पे असतात, पण तळाला तेवढं संरक्षण नसतं, म्हणून सगळ्यांना ही दुसरी पद्धत पाहिजे होती.

पाहिजे होती म्हणजे चालत होती असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मन आणि अमेरिकन दोघांचेही टॉर्पेडो अक्षरशः फुसके निघाले. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजांवर नेम धरून मारतायत आणि एकतर टॉर्पेडो आधीच फुटतोय नाहीतर खालून निघून जातोय, इतकं की कमांडरांचा हत्यारावरचा विश्वासच उडाला.

अमेरिकन मार्क १४ ची गोष्ट तर त्याहून लांबली. त्यात तीन दोष होते आणि एक दुरुस्त केला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसायचा. पहिला, टॉर्पेडो सेट केलेल्या खोलीपेक्षा दहाएक फूट खालून जायचा. जून १९४२ मध्ये ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ मासेमारीचं जाळं विकत घेऊन पाण्यात सोडलं आणि त्यातून टॉर्पेडो मारून भोकं कुठे पडतात ते मोजलं, दहा फुटांवर सेट केलेला पंचवीस फुटांवर जाळं फाडून गेलेला. ज्या खात्याने तो बनवला त्यांना हे वर्षानुवर्षं कळलं नव्हतं कारण खऱ्या टॉर्पेडोच्या चाचण्या महाग पडतात म्हणून केल्याच नव्हत्या नीट. दुसरा दोष चुंबकीय फ्यूज (फ्यूज म्हणजे टॉर्पेडो फोडणारी यंत्रणा), तो १९४३ च्या जूनमध्ये पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख निमित्झ यांनी बंदच करायला लावला. आणि मग तिसरा उघडा पडला, साधा आदळून फुटणारा फ्यूज पण काम करत नव्हता.

टिनोसा पाणबुडीचा किस्सा इथे टाकायलाच पाहिजे, जरी शिकार युद्धनौका नव्हती, तोनान मारू नं. ३ नावाचं भलंमोठं तेलवाहू जहाज. जुलै १९४३. पहिले जे तिरके लागले ते फुटले आणि जहाज जागेवर थांबलं. मग कमांडर डॅस्पिट आरामात काटकोनात येऊन थांबला, पुस्तकात लिहिलेला आदर्श नेम, आणि एकामागून एक टॉर्पेडो सोडत राहिला, ते जाऊन धडकतायत, पाणी उडतंय, आणि फुटत नाहीत. शेवटचा एक त्याने मारलाच नाही, तपासायला पर्ल हार्बरला घेऊन आला. नंतर हवाईच्या कड्यावर टॉर्पेडो मारून आणि क्रेनवरून खाली टाकून बघितलं तेव्हा कळलं की काटकोनात जोरात आदळलं की पिन वाकते आणि अडकते, तिरकं लागलं तर चालते. म्हणजे जेवढा नेम चांगला तेवढा टॉर्पेडो निकामी!! दीड वर्षाहून जास्त काळ लोक हे घेऊन लढत होते.

नवीन कॉलम टाकला: "लागला पण फुटला नाही".

१७ जानेवारी

ब्रिटिशांची चार जहाजं आज एकत्र भरली आणि वेळेचा कॉलम पहिल्यांदा बोलायला लागला.

करेजियस, १७ सप्टेंबर १९३९, विमानवाहू. पाणबुड्या शोधायलाच बाहेर पडली होती, विमानं उतरवायला वाऱ्याच्या दिशेला वळली आणि बाजू बरोबर यू-२९ समोर आली. दोन टॉर्पेडो, वीसेक मिनिटं, ५०० हून जास्त माणसं.

रॉयल ओक, १४ ऑक्टोबर १९३९, स्कापा फ्लो म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या घरातच. प्रीनची यू-४७ रात्री बुडवलेल्या जहाजांच्या अडथळ्यामधून आत शिरली. पहिल्या फेरीत एकच टॉर्पेडो नाकाजवळ लागला आणि जहाजावर लोकांना वाटलं आत काहीतरी फुटलं असेल, बरेचजण परत झोपायला गेले. प्रीनने टॉर्पेडो भरून पुन्हा मारले, तीन लागले, आणि मग पंधरा मिनिटांच्या आत ८३० हून जास्त लोकांसकट जहाज उलटं झालं. मधला तो वेळ वाया गेला कारण आपल्यावर हल्ला होतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, बंदरात पाणबुडी कशी येईल.

बारहॅम, २५ नोव्हेंबर १९४१, भूमध्य समुद्र. यू-३३१ चे तीन टॉर्पेडो जवळजवळ एकाच ठिकाणी. चार-पाच मिनिटांत आडवी झाली आणि कोठार फुटलं. याचं चित्रीकरण आहे, सोबतच्या जहाजावरून घेतलेलं, कललेल्या अंगावरून माणसं चालत जाताना दिसतात आणि मग एकदम काळा ढग. ८६२ गेले.

आणि आर्क रॉयल, त्याच महिन्यात १३ तारखेला, जिब्राल्टरजवळ, यू-८१ चा एकच टॉर्पेडो. ही चौदा तास तरंगली आणि फक्त एक माणूस गेला. मग वाटेल की चांगलं झालं, पण उलट आहे, हे जहाज वाचायला पाहिजे होतं. पाणी बॉयलरकडे पसरत गेलं, वाफ गेली म्हणून वीज गेली, वीज गेली म्हणून पंप बंद, आणि पंप बंद म्हणून पाणी अजून वर. वेगळे डिझेल जनरेटर नव्हते. त्यातून माणसं लवकर उतरवल्यामुळे आत लढायला हातच कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढून नेता नेता गेली. "काय निकामी झालं" मध्ये: वीज. टॉर्पेडोने भोक पाडलं, बुडवलं मात्र विजेने असं माझं मत, आणि यावर मित्राशी अर्धा तास वाद घातला, तो म्हणतो टॉर्पेडो नसता तर वीज गेली असती का. नसती गेली, मान्य, पण तो माझा मुद्दाच नाहीये.

१९ जानेवारी

वेळेच्या कॉलमची कमाल मर्यादा सापडली. १५ सप्टेंबर १९४२, सॉलोमन बेटांच्या बाजूला, जपानी आय-१९ ने सहा टॉर्पेडो एकदम सोडले. वास्प ही विमानवाहू त्यातच संपली, पेट्रोलच्या आगीने. पण न लागलेले पुढे गेले आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या ताफ्यात घुसले, एक नॉर्थ कॅरोलायना बॅटलशिपला आणि एक ओब्रायन विनाशिकेला. नॉर्थ कॅरोलायना दुरुस्त होऊन परत लढली. ओब्रायन तात्पुरती डागडुजी करत करत घरी निघाली आणि १९ ऑक्टोबरला वाटेतच तिचा तळ मोडला. म्हणजे मार ते बुडणं, चौतीस दिवस. फॉर्म्युला तासांत होता, उत्तर ८१६ आलं आणि सगळा ग्राफ चपटा झाला, त्यामुळे तिला ग्राफमधून वगळलं, शीटमध्ये आहे.

२४ जानेवारी

विमानं.

सुरुवात एका प्रयोगापासून, जुलै १९२१, अमेरिकेत बिली मिचेल यांनी जिंकून आणलेली जर्मन बॅटलशिप ओस्टफ्रीसलांट बॉम्ब टाकून बुडवली आणि सांगितलं बघा, बॅटलशिपचे दिवस संपले. नौदलवाले म्हणाले जहाज नांगरलेलं, तोफा गप्प, आत एक माणूस नाही. दोघंही बरोबर होते असं आता वाटतं. जास्त घाव बाजूच्या पाण्यात पडलेल्या मोठ्या बॉम्बनी घातला, पाण्याचा धक्का तळाच्या जोडांवर बसला. आणि आत पंप चालवणारं कुणी नसल्यामुळे पाणी अडवायला कुणीच नाही. माझ्या कॉलममध्ये "माणसंच नाहीत".

लढाईत विमानाने बुडवलेली पहिली मोठी युद्धनौका १० एप्रिल १९४० ला, बर्गन बंदरात क्योनिग्सबर्ग हे जर्मन क्रूझर, ऑर्कनी बेटांवरून आलेल्या ब्रिटिश नौदलाच्या सोळा स्कुआ डाइव्ह बॉम्बरनी. त्याआधी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या तोफांनी तिला जखमी केलेलं होतं, ते पण नमूद केलंय.

पद्धती तीन लिहून ठेवतो म्हणजे पुढे गोंधळ नको. उंचावरून सरळ बॉम्ब टाकणं, हलत्या जहाजावर बहुतेक वेळा फुकट. वरून सूर मारून टाकणं, हे अचूक, पण बॉम्ब डेकवर लागतो, पाण्याच्या रेषेखाली भोक पडेलच असं नाही, त्यामुळे आग हाच मुख्य परिणाम. आणि पाण्याला टेकून येऊन टॉर्पेडो सोडणं, हे जहाज बुडवायला सगळ्यात चांगलं आणि वैमानिकाला सगळ्यात वाईट, कारण सरळ, हळू आणि खाली उडावं लागतं, समोर सगळ्या तोफा.

२८ जानेवारी

उथळ बंदरांचा प्रश्न. विमानातून टाकलेला टॉर्पेडो आधी खोल बुडी मारतो आणि मग वर येऊन सेट केलेल्या खोलीवर पळतो. बंदरात पाणी बारा-पंधरा मीटर, तिथे तो चिखलातच रुतणार. म्हणून बंदरातली जहाजं सुरक्षित समजली जायची.

११ नोव्हेंबर १९४० ची रात्र, इटलीचं तारांतो बंदर. इलस्ट्रियस या ब्रिटिश विमानवाहूवरून एकवीस स्वोर्डफिश, म्हणजे कापड ताणलेली दोन पंखांच्या थरांची विमानं, त्या काळातही जुनाट दिसणारी. टॉर्पेडोच्या नाकाला तार बांधलेली, विमानातल्या रिळावरून सुटणारी, त्यामुळे नाक वर राहायचं आणि टॉर्पेडो सूर मारण्याऐवजी विहिरीत पोटावर पडणाऱ्या पोरासारखा सपाट पडायचा. कावूर, लित्तोरिओ आणि दुइलिओ, तीन इटालियन बॅटलशिप तळाला टेकल्या. दोन विमानं गेली. जपान्यांनी आपल्या टॉर्पेडोला लाकडी शेपट्या लावून तोच प्रश्न सोडवला आणि ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये वापरला.

इथे शीटची पंचाईत. बंदरात "बुडालं" म्हणजे काय? लित्तोरिओ आणि दुइलिओ काही महिन्यांत परत आल्या, कावूर पुन्हा कधी लढली नाही. पर्ल हार्बरमध्ये वेस्ट व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया तळाला बसल्या आणि उपसून काढून पुन्हा युद्धात उतरल्या. ॲरिझोना मात्र बॉम्बने गेली, जपान्यांनी बॅटलशिपच्या तोफेचे गोळेच घासूनपुसून बॉम्ब बनवले होते, एक चिलखत फोडून पुढच्या कोठाराजवळ पोहोचला आणि ११७७ माणसं गेली. ती अजून तिथेच आहे. ओक्लाहोमा टॉर्पेडो खाऊन उलटली, नंतर सरळ केली पण कामाची राहिली नाही. मग नवीन कॉलम, "परत आलं का", हो किंवा नाही.

२ फेब्रुवारी

ब्रिटनच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स, १० डिसेंबर १९४१, मलायाच्या क्वांतानसमोर. तोपर्यंत सगळे म्हणायचे की उघड्या समुद्रात वेगाने पळणारी, तोफा चालवणारी बॅटलशिप निव्वळ विमानांनी बुडत नाही. इंडोचायनातल्या तळांवरून आलेल्या जपानी बॉम्बरनी दोन्ही बुडवल्या आणि त्यांची फक्त तीन विमानं पडली. ८४० गेले, ॲडमिरल टॉम फिलिप्स त्यातच. डोक्यावर स्वतःची लढाऊ विमानं नव्हती, ती आली तेव्हा लोक पाण्यात होते.

प्रिन्स ऑफ वेल्सचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही नवीकोरी बॅटलशिप होती, रिपल्ससारखी पहिल्या महायुद्धातली नाही. पहिल्याच टॉर्पेडो हल्ल्यात डाव्या बाजूच्या मागच्या शाफ्टजवळ (पंखा फिरवणारा लांब दांडा) मार बसला, शाफ्ट वाकला आणि वेगाने फिरत राहिला, आणि तो ज्या लांब बोगद्यातून जातो त्याच्या भिंती आणि सील फाडत गेला. त्या बोगद्यातून पाणी थेट आतपर्यंत. जहाज कललं, वीज गेली, विमानविरोधी तोफांचे बुरूज वळेनात, सुकाणू ऐकेना. म्हणजे पुढचे टॉर्पेडो लागले तेव्हा समोर लढणारी बॅटलशिप नव्हतीच. मार ते बुडणं साधारण दीड तास, पण निकाल पहिल्या काही मिनिटांतच लागलेला.

जर्मन बॅटलशिप बिस्मार्कचं पण असंच. २६ मे १९४१, आर्क रॉयलच्या स्वोर्डफिशचा टॉर्पेडो मागे लागून सुकाणू अडकलं, जहाज गोल गोल फिरत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटिश आरमाराने गाठलं. २६ च्याच दुपारी त्याच विमानांनी चुकून स्वतःच्याच शेफील्ड क्रूझरवर हल्ला केला होता, आणि चुंबकीय फ्यूज पाण्याला टेकताच फुटल्यामुळे शेफील्ड वाचली! मग संध्याकाळी साधे फ्यूज लावून गेले. फुसक्या फ्यूजने एकदा तरी भलं केलं म्हणायचं.

५ फेब्रुवारी

हिंदी महासागर, एप्रिल १९४२, पटकन. ब्रिटनची तीन जहाजं, ५ तारखेला डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल ही क्रूझर, ९ ला बॅटिकलोआसमोर हर्मिस. तिन्ही जपानी डाइव्ह बॉम्बरनी. हर्मिस विमानवाहू होती आणि तिच्यावर त्या दिवशी एकही विमान नव्हतं. दोन क्रूझर वीसेक मिनिटांत गेली आणि वाचलेले हजारावर लोक दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात. आगीपेक्षा इथे नुसता बॉम्बचा मारा इतका की एक गोष्ट निवडून लिहिता येत नाही, कॉलममध्ये "सगळंच".

९ फेब्रुवारी

मिडवेने (पॅसिफिकमधली अमेरिका-जपान लढाई) "मारणारा" कॉलमची पार वाट लावली.

४ जून १९४२ च्या सकाळी नॉटिलस ही अमेरिकन पाणबुडी जपानी ताफ्याच्या मध्ये घुसली, काही बुडवलं नाही. अराशी नावाची विनाशिका तिला दाबून ठेवायला मागे थांबली आणि मग ताफ्याला गाठायला पूर्ण वेगाने निघाली. जपानी ताफा शोधत इंधन संपवत चाललेल्या अमेरिकन डाइव्ह बॉम्बरांच्या म्होरक्या मक्लस्कीला वरून ही एकटी पळणारी विनाशिका दिसली, तो त्याच दिशेने गेला, आणि खाली विमानवाहू. त्याआधी अमेरिकन टॉर्पेडो विमानांची एक तुकडी गेली होती, पंधराच्या पंधरा विमानं पडली, एक माणूस वाचला. साडेदहाच्या आत अकागी, कागा आणि सोर्यू पेटल्या. अकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच, पण तो हँगरमध्ये गेला जिथे इंधन भरलेली आणि टॉर्पेडो लटकवलेली विमानं उभी. पाण्याच्या रेषेखाली भोक नाही, अकागी दिवसभर आणि रात्रभर जळत तरंगत होती, शेवटी जपानी विनाशिकांनीच टॉर्पेडो मारून संपवली. आता मारणारा कोण लिहू? डाइव्ह बॉम्बर, का स्वतःच्याच विनाशिका?

नॉटिलसने दुपारी जळत्या कागावर टॉर्पेडो मारला तो फुटला नाही, तुकडे झाले, आणि तरंगणारा मागचा भाग पाण्यातल्या जपानी खलाशांनी धरून ठेवला. "लागला पण फुटला नाही" ला अजून एक.

आणि उलट बाजूला यॉर्कटाउन, अमेरिकेची विमानवाहू. बॉम्ब आणि दोन हवाई टॉर्पेडो खाऊन ४ तारखेला सोडून दिलेली, तरी बुडेना, म्हणून माणसं परत चढली, कल कमी करत आणली. ६ तारखेला जपानी पाणबुडी आय-१६८ ने गाठून दोन टॉर्पेडो मारले आणि शेजारी वीज पुरवायला बांधलेली हॅमन विनाशिका एकाने मोडली. यॉर्कटाउन ७ ला पहाटे गेली. विमानाने अर्धी मारली, पाणबुडीने पूर्ण.

"मारणारा" चे दोन कॉलम केले: "लंगडं कोणी केलं" आणि "संपवलं कोणी". नावं मित्राला आवडली नाहीत, पण शीट माझं आहे.

१४ फेब्रुवारी

ताइहो आणि शिनानो. या दोघींमुळे हा प्रकल्प सुचला होता खरं तर.

ताइहो, जपानची नवी विमानवाहू, उड्डाणाच्या डेकला चिलखत. १९ जून १९४४ ला सकाळी अमेरिकन अल्बाकोर पाणबुडीने टॉर्पेडो मारले. दुसरा एक येताना बघून नुकत्याच उडालेल्या वैमानिकाने स्वतःचं विमान त्याच्यावर घातलं. एकच लागला. जहाज चालत राहिलं, वेग पण ठीक. पण विमानाच्या पेट्रोलच्या टाक्या चिरल्या होत्या आणि वाफ साठायला लागली. ती बाहेर काढायला म्हणून जहाजभर हवा खेळवायची यंत्रणा सुरू केली आणि वाफ सगळ्या डेकांवर पसरली. सहा-सात तासांनी कुठेतरी ठिणगी. चिलखती डेक वर फुगला, बाजू फुटल्या. त्याच दिवशी शोकाकू ही विमानवाहू पण अमेरिकन पाणबुडी कॅव्हालाने घेतली.

शिनानो, यामातो या अवाढव्य जपानी बॅटलशिपच्या जातीचा सांगाडा, अर्ध्यात विमानवाहू केलेली, पूर्ण भाराला ७० हजार टनांच्या वर. १९ नोव्हेंबर १९४४ ला नौदलात दाखल झाली आणि २९ ला बुडाली. अमेरिकन पाणबुडी आर्चरफिशचे चार टॉर्पेडो, पहाटे तीनच्या पुढे लागले, बुडाली अकराच्या सुमाराला. बरेच जलरोधक दरवाजे बसवलेलेच नव्हते, पाइप आणि वायरींची भोकं भिंतींमध्ये उघडी, कामगार अजून जहाजावर, खलाशांना आतली वाट पण नीट माहीत नाही. आणि कप्तानाने वेग कमी केला नाही त्यामुळे पाणी अजून जोरात आत. पाणबुडीने बुडवलेली सगळ्यात मोठी युद्धनौका हीच. बांधून, खलाशी शिकवून महिनाभर उशिरा निघाली असती तर हे चार टॉर्पेडो तिने पचवले असते असं मला वाटतं.

१८ फेब्रुवारी

मुसाशी आणि यामातो, एकाच आराखड्याच्या. मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ ला दिवसभर मार खात संध्याकाळी गेली, टॉर्पेडो आणि बॉम्ब दोन्ही दहाच्या वर. मार दोन्ही बाजूंना बसल्यामुळे सरळ राहून बुडत गेली. ७ एप्रिल १९४५ ला यामातोच्या वेळी अमेरिकन टॉर्पेडो बहुतेक एकाच, डाव्या बाजूला. कल सावरायला जपान्यांनी उजवीकडचे कप्पे आणि शेवटी इंजिनाच्या खोल्या पण मुद्दाम पाण्याने भरल्या, आत माणसं असताना. दोन तासांच्या आत उलटली आणि फुटली. सुमारे तीन हजार गेले, अमेरिकन विमानं पडली दहा.

हवेतून दोन वेगळ्या गोष्टी: इटलीची बॅटलशिप रोमा, ९ सप्टेंबर १९४३, जर्मन फ्रिट्झ एक्स बॉम्बने, जो वरून रेडिओने वळवता यायचा, शेपटीवरचा दिवा बघत बघत. आणि जर्मन बॅटलशिप तिर्पिट्झ, १२ नोव्हेंबर १९४४, नॉर्वेतलं ट्रॉम्सो, ब्रिटिशांचे सव्वापाच टनांहून जड टॉलबॉय बॉम्ब. यात वेळेचा कॉलम भरण्यात काही मजा नाही, एवढा बॉम्ब बसल्यावर आतली माणसं करणार तरी काय.

२१ फेब्रुवारी

पाणबुडी पण युद्धनौकाच, मग विमानांनी बुडवलेल्या पाणबुड्या? त्या घेतल्या तर शीट फुटेल. एकट्या मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४१ यू-बोटी गेल्या, रडार लावलेली लांब पल्ल्याची विमानं, रात्री झोत टाकणारे ली लाइट, पाण्यातला आवाज ऐकून मागे जाणारा टॉर्पेडो, असं सगळं एकदम आलं, आणि २४ मे ला जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. शिवाय पाणबुडीला "मार ते बुडणं" असा वेळच नसतो. वेगळं शीट, नंतर कधीतरी.

२५ फेब्रुवारी

भारताची खुकरी. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोर. मारणारी पाकिस्तानची पाणबुडी हंगोर, फ्रेंच बनावटीची डाफ्ने जातीची. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका. हंगोरच्या कमांडरने नंतर सांगितल्याप्रमाणे पहिला टॉर्पेडो खुकरीच्या सोबतच्या किरपाणवर मारला तो खालून निघून गेला आणि फुटला नाही, दुसरा खुकरीखाली फुटला. काही मिनिटांत गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, मरणोत्तर महावीर चक्र.

खुकरी हे काही चिलखती जहाज नव्हतं, छोटी फ्रिगेट. एवढ्या आकाराच्या जहाजाला कण्याखाली स्फोट झाला की "त्या वेळात काय केलं" हा माझा प्रश्नच उरत नाही, आणि मुल्लांनी त्या दोन-चार मिनिटांत लोकांना बाहेर ढकललं एवढंच त्या वेळात करता येण्यासारखं होतं. तरी रांग भरली.

पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीबद्दल मित्राने विचारलं. विशाखापट्टणमबाहेर ३-४ डिसेंबरच्या रात्री बुडाली, भारत म्हणतो राजपूत या विनाशिकेच्या डेप्थ चार्जमुळे (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), पाकिस्तान म्हणतं अपघाती स्फोट किंवा स्वतःचाच सुरुंग. कसंही धरलं तरी मारणारी पाणबुडीही नाही आणि विमानही नाही, म्हणून बाहेर.

अर्जेंटिनाचं क्रूझर जनरल बेलग्रानो, २ मे १९८२, फॉकलंड युद्ध. ब्रिटिश अणुपाणबुडी काँकररने मारली, आणि मारली कशाने, तर १९२० च्या दशकातल्या आराखड्याच्या मार्क ८ टॉर्पेडोने. नवा टायगरफिश सोबत होता पण जुन्यावर भरवसा जास्त, मार्क १४ ची नोंद वाचलेल्याला हे लगेच समजेल. तीन सोडले, दोन लागले, एकाने नाक उडालं, दुसरा मागे यंत्रांच्या बाजूला आणि वीज गेली. ३२३ माणसं. हीच बेलग्रानो आधी अमेरिकेची फिनिक्स होती आणि पर्ल हार्बरमधून ओरखडा न लागता बाहेर पडली होती.

१ मार्च

त्याच युद्धातली विमानं. ४ मे ला शेफील्डला (वरच्या शेफील्डच्याच नावाची नंतरची ब्रिटिश विनाशिका) विमानातून सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं. पाण्याचा मुख्य नळ फुटला त्यामुळे आग विझवायला पाणीच नाही, सगळीकडे धूर, आणि १० मे ला ओढून नेताना बुडाली. आर्क रॉयलच्या वेळी वीज, इथे नळ.

अर्जेंटिनाचे वैमानिक क्षेपणास्त्रांपासून वाचायला इतके खालून यायचे की साध्या बॉम्बच्या फ्यूजला जागं व्हायला वेळच मिळत नव्हता, बॉम्ब जहाजात घुसायचे आणि तसेच पडून राहायचे. "लागला पण फुटला नाही" कॉलम इथे सगळ्यात जास्त भरला. अँटिलोप या ब्रिटिश जहाजात असे दोन होते, एक निकामी करताना फुटला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. तिच्या रांगेत "नाही" लिहू का "हो, नंतर"? दुसरं ठेवलं. कॉव्हेंट्री या ब्रिटिश विनाशिकेत मात्र तीन लागले त्यातले दोन फुटले आणि वीसेक मिनिटांत उलटली, १९ गेले.

शेवटची रांग टॉरेन्स, १९९९, ऑस्ट्रेलियाने निवृत्त झालेलं स्वतःचंच जहाज फार्नकॉम्ब पाणबुडीच्या मार्क ४८ ने सरावात फोडलं. कण्याखाली स्फोट, मधून वर उचललं जातं आणि मोडतं, ११ जानेवारीला जे लिहिलंय ते सगळं त्या फोटोंत दिसतं. युद्ध नाही म्हणून राखाडी रंग, मोजणीत धरायची नाही. शीट मित्राला पाठवलं, नकाशावर ठिपके टाकताना त्याने "लंगडं कोणी केलं" चा रंग वापरायचा, "संपवलं कोणी" चा नाही, एवढं एक त्याला सांगून ठेवलंय.